टीव्ही स्वच्छ दिसतो, मग मोडेम का तुटतो? मोडेमच्या पानावरचे आकडे कसे वाचायचे

मुलुंडच्या एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात असं: जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर घर, केबलवरचं इंटरनेट. जूनपासून लाइन दिवसातून सात-आठ वेळा तुटते. १९२.१६८.१००.१ उघडल्यावर मोडेमच्या पानावर डाउनस्ट्रीमच्या, म्हणजे घराकडे येणाऱ्या सिग्नलच्या, आठ वाहिन्या उणे ८.६ ते उणे १२.९ डीबीएमव्ही दिसतात, एसएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे ते) ३४ ते ३१. अपस्ट्रीमच्या, म्हणजे घरातून जाणाऱ्या सिग्नलच्या, चार वाहिन्या ५०.५ ते ५१. केबलवाल्यांचा मुलगा येऊन मीटर लावून गेला, "५२ आहे, टीव्ही क्लिअर आहे, लाइन ओके" म्हणाला. एकाने राउटर बदलायला सांगितलं, दुसऱ्याने बूस्टर लावायला. ताईंचा प्रश्न एवढाच: हे आकडे चालतात का?

मी एकोणीस वर्षं केबलच्या जाळ्याची देखभाल करतोय. सुरुवात डोंबिवलीत लाइनमनच्या मागे शिडी धरून झाली, आता ठाणे जिल्ह्यातल्या नोडांचं, म्हणजे एकेका भागातल्या घरांच्या केबली जिथे एकत्र येतात त्या जागांचं, काम बघतो. त्या अनुभवावरून सांगतो, "चालतात का" या प्रश्नाला सरळ हो किंवा नाही म्हटलं तर तुमचं काम होणार नाही. मानकाचं पुस्तक उघडलं तर तुमचे आकडे सुटे-सुटे पाहता अजूनही हद्दीच्या आत आहेत, म्हणून तो मुलगा चूक बोलला असं नाही. पण हद्दीच्या आत असणं वेगळं आणि हाताशी काही शिल्लक असणं वेगळं. तुमच्या लाइनीत शिल्लक काहीच उरलेली नाही. ती कुठे गेली, कुणी खाल्ली, हे शोधायचं आहे.

आधी एककाचा घोळ सोडवू, कारण अर्धी भांडणं तिथेच होतात. मोडेम आकडे दाखवतो ते डीबीएमव्हीमध्ये. म्हणजे ७५ ओहमच्या केबलवर एक मिलिव्होल्ट असेल तर त्याला शून्य म्हणायचं आणि त्याच्या वर-खाली मोजायचं. त्यामुळे इथे शून्य म्हणजे सिग्नल नाही असं नव्हे, उलट शून्याच्या आसपास असणं सगळ्यात चांगलं. आपल्याकडच्या केबलवाल्यांचे बहुतेक मीटर मात्र मायक्रोव्होल्टच्या डीबीत मोजतात, आणि तिथे तेच एक मिलिव्होल्ट ६० दिसतं. दोन्हींत फरक बरोबर ६० चा. मीटरवर ५२ म्हणजे मोडेमच्या भाषेत उणे ८. म्हणजे मुलगा आणि मोडेम एकच गोष्ट सांगत होते. एकाच्या तोंडी ती "बावन्न" म्हणून भरघोस वाटली, दुसऱ्याच्या पानावर उणे म्हणून भीतीदायक.

मोबाइलवर वाय-फायचा जो उणे ५५, उणे ६० असा आकडा दिसतो तो डीबीएम असतो. त्याच्याशी हे ताडून बघू नका. तसंच ज्यांच्या घरी फायबर आलं आहे त्यांच्या डब्यावरचा उणे २० किंवा उणे २३ हाही डीबीएमच, तो प्रकाशाचा. तिथली सर्वसाधारण हद्द उणे ८ ते उणे २७. या उत्तरातला एकही आकडा तिकडे लागू होत नाही.

डीबी ही बेरीज-वजाबाकीची पट्टी वाटली तरी आत गुणाकार लपलेला असतो. ३ डीबी गेले की ताकद निम्मी होते, १० गेले की दहावा हिस्सा उरतो. तुमची सगळ्यात कमजोर वाहिनी उणे १३ ला टेकली आहे, म्हणजे शून्याच्या मानाने साधारण विसावा हिस्सा. मोडेम तेवढ्यावरही काम करू शकतो. डॉक्सिसचं, म्हणजे केबलवरून इंटरनेट चालवण्याच्या पद्धतीचं, अमेरिकी मानक डाउनस्ट्रीमच्या प्रत्येक वाहिनीला उणे १५ ते अधिक १५ एवढी मोठी हद्द देतं. युरोपीय प्रकारात, जिथे वाहिनी ६ ऐवजी ८ मेगाहर्ट्झची असते, ती दोनएक डीबीने सरकलेली आहे. प्रत्यक्षात आम्ही जोडणी करताना उणे ७ ते अधिक ७ च्या आत आणल्याशिवाय शिडी उतरत नाही. ऊन, पाऊस, शेजाऱ्याने वाढवलेलं एखादं कनेक्शन, जाळ्यातल्या अॅम्प्लिफायरचा चढ-उतार, या सगळ्यांना जागा ठेवावी लागते.

एसएनआर म्हणजे सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे याचं माप. बाजारात उभं राहून बोलताना आपला आवाज गर्दीच्या वर किती चढतो, तसं. आज बहुतेक मोडेम २५६ क्वामवर चालतात. क्वाम ही सिग्नलच्या एकेका टिचकीत माहिती भरण्याची पद्धत, इथे एका टिचकीत आठ बिट. इतकं बारीक अक्षर वाचायला गोंगाट कमी लागतो: वाहिनी उणे ६ च्या वर असेल तर ३० डीबी, आणि उणे ६ च्या खाली घसरली असेल तर ३३, असं अमेरिकी मानक म्हणतं. इथेच तुमचं पान बोलतं. तुमच्या आठही वाहिन्या उणे ६ च्या खाली आहेत, म्हणजे तुम्हाला ३३ हवेत, आणि खालच्या दोन-तीन वाहिन्या ३१–३२ वर आहेत. ताकद हद्दीत, एसएनआर दिसायला हद्दीत, पण दोन्ही एकत्र धरले तर त्या वाहिन्या हद्दीबाहेर. आकडे सुटे-सुटे वाचले की हे निसटतं.

मग टीव्ही इतका स्वच्छ कसा? जुन्या अॅनलॉग केबलच्या काळात सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या. जरा कमी झाला तर थोड्या, फार कमी झाला तर चित्रच मुंग्यांत बुडायचं. घरातल्या आजींनासुद्धा लाइनची तब्येत कळायची. ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले आणि मुंग्या संपल्या. डिजिटल चित्र शेवटपर्यंत लख्ख राहतं आणि मग एकदम चौकोन पडून थांबतं. शिवाय टीव्हीच्या वाहिन्या ६४ क्वामवर असतील तर त्यांना मोडेमपेक्षा सहाएक डीबी कमी एसएनआर पुरतो. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे टीव्ही फक्त ऐकतो, मोडेमला उत्तरही द्यावं लागतं. त्यामुळे "टीव्ही क्लिअर आहे" या वाक्याने मोडेमच्या लाइनबद्दल जवळपास काहीच सिद्ध होत नाही. आमच्या नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो, कारण हातात टीव्हीचं मीटर असलं की प्रत्येकाला ते पुरेसं वाटतं.

आता अपस्ट्रीम, आमच्या बोलीत रिटर्न. ताईंनी प्रश्नाच्या शेवटी सहज लिहिलंय की मीटिंगमध्ये त्यांना सगळ्यांचं नीट ऐकू येतं, पण समोरचे म्हणतात "तुमचा आवाज तुटतोय". मला विचाराल तर सगळ्या प्रश्नातला हाच सगळ्यात कामाचा पुरावा आहे. येणारी बाजू तग धरून आहे, जाणारी बाजू धापा टाकतेय.

अपस्ट्रीमच्या आकड्याचा अर्थ डाउनस्ट्रीमच्या उलटा लागतो. इथला ५१ म्हणजे तुमच्याकडे ५१ पोचतोय असं नाही, तर तुमच्या मोडेमला ५१ च्या ताकदीने ओरडावं लागतंय. कंट्रोल रूममधलं यंत्र प्रत्येक मोडेमला सांगत राहतं, "जरा मोठ्याने", "जरा हळू", जेणेकरून सगळ्यांचे आवाज तिथे सारख्याच पातळीवर पोचावेत. वाटेत गळती जास्त तेवढं ओरडणं जास्त. म्हणून इथे मोठा आकडा वाईट. साधारण ३८ ते ४८ मध्ये असला की मी निश्चिंत असतो.

आणि ओरडण्याला कमाल मर्यादा असते. डॉक्सिस ३.० मध्ये ६४ क्वामवर मोडेम एकच अपस्ट्रीम वाहिनी वापरत असेल तर ५७ पर्यंत जाऊ शकतो, दोन असतील तर ५४, तीन किंवा चार असतील तर ५१. एकच गळा चार जणांत वाटून घ्यावा लागतो, म्हणून. तुमच्या चार वाहिन्या आहेत आणि आकडा ५१. म्हणजे मोडेम छताला डोकं टेकून उभा आहे. कुणी इंटरनेटवर वाचून म्हणेल की ५७ पर्यंत चालतं, अजून सहा बाकी आहेत. त्यांचं वाचन एका वाहिनीपुरतं खरं आहे, तुमच्या पानाला ते लागू नाही.

छताला टेकल्यावर काय होतं? पावसाची सर आली, एखाद्या सांध्यात गळती दोन डीबीने वाढली, कंट्रोल रूमने सांगितलं "मोठ्याने", आणि मोडेमकडे देण्यासारखं काही उरलं नाही. तो हाक मारतो, उत्तर येत नाही. मोडेमच्या लॉगमध्ये याची नोंद टी३ टाइमआउट म्हणून होते. लागोपाठ सोळा हाका वाया गेल्या की तो ती वाहिनी सोडतो किंवा सगळी जोडणी पहिल्यापासून करायला घेतो. तुमची "सात-आठ वेळा तुटते" ती बहुधा हीच. लॉगच्या पानावर टी३ च्या ओळी किती आहेत आणि कोणत्या वेळी आल्या ते जरूर बघा. टी४ दिसला तर गोष्ट वेगळी: तेव्हा मोडेमला अर्धा मिनिट बोलायची पाळीच मिळालेली नसते, आणि बऱ्याचदा डाउनस्ट्रीमच मध्ये गेलेला असतो.

आता गळती कुठे? इथून पुढचं माझं अनुमान आहे, तुमच्या घरी मी आलेलो नाही. पण पानावर दोन खुणा स्पष्ट आहेत.

पहिली खूण: डाउनस्ट्रीम आठएक डीबीने कमी आणि अपस्ट्रीम तितक्याच डीबीने जास्त, दोन्ही एकाच मापाने बिघडलेले. असं दिसलं की गळती दोन्ही दिशांच्या सामाईक वाटेवर असते, आणि पहिला संशय घरातल्या स्प्लिटरवर, म्हणजे एका केबलच्या अनेक करणाऱ्या डबीवर, जातो. तुम्ही लिहिलंय की दाराजवळ चार तोंडांचा स्प्लिटर आहे आणि दोन तोंडं रिकामी आहेत. चार तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडाला साधारण ७ डीबी खातो, तोंडं वापरा किंवा रिकामी ठेवा. दोन तोंडांचा साडेतीन खातो. जाताना सात, येताना सात. म्हणजे मोडेम थेट मुख्य केबलला लावला तर तुमचे आकडे साधारण उणे १.६ ते उणे ५.९ आणि अपस्ट्रीम ४४ वर यायला हवेत. अपस्ट्रीम ४४ म्हणजे श्वास मोकळा.

पण हा स्प्लिटर काही जूनमध्ये बसवलेला नाही, तो वर्षानुवर्षं तिथेच आहे. म्हणून दुसरी खूण बघा: आठ वाहिन्यांमध्येच ४.३ डीबीचा उतार. लागून असलेल्या आठ वाहिन्या म्हणजे ८ मेगाहर्ट्झच्या हिशेबाने अवघं ६४ मेगाहर्ट्झचं अंतर. केबल वरच्या फ्रिक्वेन्सीला जास्त खाते हे खरं, घरात येते त्या आरजी-६ जातीची तीस मीटर केबल ७५० मेगाहर्ट्झला साडेपाच डीबीच्या आसपास खाते. पण ६४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तिच्यामुळे पडणारा फरक अर्ध्या डीबीच्याही आत असतो. चार डीबीचा कडा केबलच्या लांबीमुळे पडत नाही. तो पडतो पाणी शिरलेल्या केबलमुळे, पिचलेल्या वळणामुळे किंवा कुजलेल्या कनेक्टरमुळे. आणि तुमचा त्रास सुरू झाला जूनमध्ये.

तेव्हा माझं मत असं: स्प्लिटरने शिल्लक वर्षांपूर्वीच खाऊन ठेवली होती, कसंबसं भागत होतं, आणि पावसाने उरलेलं नेलं. एकट्या स्प्लिटरने लाइन पडली नसती, एकट्या पाण्याने कदाचित नसती.

गेल्या काही पावसाळ्यांत अशा तक्रारी मी इतक्या पाहिल्या की गच्चीवर गेल्यावर डोळे आपोआप एकाच जागी जातात: गच्चीच्या कठड्यावरून केबल खाली उतरते तिथे. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा असतो, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी येऊन ठिबकतं. घाईत काम करणारा माणूस केबल ताणून सरळ खिडकीत घेतो आणि तीच केबल पाण्याची पन्हळ होते. कल्याणला एका सोसायटीत मी खिडकीतला कनेक्टर सोडला तेव्हा आतून चमचाभर पाणी निघालं. त्या घरात आधीच्या महिन्यात दोन राउटर बदलून झाले होते. त्या कुटुंबाचे पैसे गेले, मुलाची ऑनलाइन परीक्षा अर्धवट राहिली, आणि कारण होतं एक हिरवा पडलेला कनेक्टर. मला ते अजून लागतं, कारण मोडेमचं पान कुणी एकदा नीट वाचलं असतं तर ते पहिल्याच दिवशी कळलं असतं.

म्हणून राउटर बदलू नका. राउटर मोडेमच्या पुढे बसतो, हे सगळं मोडेमच्या मागे घडतंय.

आणि बूस्टर तर अजिबात नको. दुकानात मिळणारे बहुतेक बूस्टर एकमार्गी असतात, टीव्हीसाठी बनवलेले. ते ४७ मेगाहर्ट्झच्या वरचं आपल्याकडे येताना मोठं करतात. मोडेमचा रिटर्न मात्र ५ ते ४२, काही जाळ्यांत ६५ मेगाहर्ट्झपर्यंत, उलट दिशेने जातो. एकमार्गी बूस्टर त्याला वाटेतच अडवतो. टीव्ही झळकेल, डाउनस्ट्रीमचा आकडा सुंदर दिसेल आणि मोडेम ऑनलाइनच येणार नाही. दुमार्गी बूस्टर मिळतात, पण आधीच गोंगाटात बुडालेला सिग्नल मोठा केला की गोंगाटही तेवढाच मोठा होतो. एसएनआर एक डीबीनेही सुधारत नाही.

आता तुम्ही घरी काय करायचं. आजचे आकडे आहेत तसे फोटो काढून ठेवा, वाहिनीगणिक. मग दाराजवळच्या स्प्लिटरमध्ये बाहेरून येणारी मुख्य केबल सोडवा आणि मोडेम तिथेच नेऊन थेट तिला लावा. टीव्ही तासभर बंद राहील. एक काळजी घ्या: जुन्या इमारतींत अर्थिंग धड नसतं आणि केबलच्या बाहेरच्या जाळीवर वीज उतरलेली मी पाहिली आहे. पायात चपला घाला, हात कोरडे ठेवा, आधी टेस्टर लावून बघा. टेस्टर पेटला तर हात न लावता केबलवाल्यांना बोलवा. गच्चीवरच्या किंवा जिन्यातल्या अॅम्प्लिफायरच्या डब्याला तर कधीच हात लावू नका, त्यांतल्या काहींना केबलमधूनच ६० किंवा ९० व्होल्ट एसी दिलेले असतात.

मोडेम थेट जोडून दहा मिनिटं थांबा आणि पान परत वाचा. डाउनस्ट्रीम सातएक डीबीने वर आणि अपस्ट्रीम तितकाच खाली आला तर स्प्लिटर नियमाप्रमाणे खात होता. मग दोन तोंडांचा चांगला स्प्लिटर, ज्यावर ५ ते १००० मेगाहर्ट्झ असं छापलेलं असेल, तो लावा. डीटीएचचा ९५० पासून पुढचा स्प्लिटर चुकून आणू नका, त्यातून तुमचं काहीच जाणार नाही. फरक दहा-बाराचा पडला तर स्प्लिटर किंवा त्याचे कनेक्टर कुजले आहेत. आणि फरक पडला, पण आठ वाहिन्यांमधला चार डीबीचा उतार तसाच राहिला, तर दोष घराच्या बाहेर आहे आणि तो काढणं केबलवाल्यांचं काम आहे. मला तुमच्या बाबतीत हेच होईल असं वाटतं.

अनकरेक्टेबल, म्हणजे वाटेत इतके बिघडलेले माहितीचे तुकडे की मोडेमला ते दुरुस्त करता आले नाहीत, त्यांचा आकडाही त्याच पानावर असतो. तो मोडेम चालू झाल्यापासूनची बेरीज दाखवतो, म्हणून लाखात असला तरी घाबरू नका. एकदा लिहा, तासाने परत लिहा. तासाभरात तो वाढलाच नाही तर डाउनस्ट्रीम ठीक आहे. कमजोर वाहिन्यांवरच हजारांनी वाढत असेल तर पाण्याचा संशय पक्का धरा. हे एकदा कोरड्या दिवशी आणि एकदा जोराच्या सरीनंतर केलंत तर त्याइतका बोलका पुरावा नाही.

केबलवाल्यांशी बोलताना त्यांच्या आकड्यांत बोला. "नेट तुटतंय" म्हटलं की रीसेट करून बघा असं उत्तर येतं. त्याऐवजी सांगा, "मोडेमच्या टोकाला ५५ ते ६५ डीबी द्या, सगळ्या वाहिन्यांना, एकाच नाही. रिटर्न ५१ आहे, तो ४८ च्या खाली आणा. थेट जोडूनही वरच्या वाहिन्यांना चार डीबीचा उतार आहे, गच्चीपासून केबल बघा." आणि मीटर लावताना टीव्हीच्या वाहिनीवर नाही, मोडेमच्या पानावर सगळ्यात कमजोर वाहिनीची जी फ्रिक्वेन्सी लिहिली आहे तिच्यावर लावायला सांगा. मुलाचं ते ५२ कोणत्या फ्रिक्वेन्सीवरचं होतं हे तुम्हाला माहीत नाही, कदाचित त्यालाही लक्षात नसेल. कनेक्टर बदलताना पिळून बसवायचे नकोत, दाबून बसणारे कॉम्प्रेशनचे मागा.

इतकं करूनही घरातले आणि गच्चीवरचे आकडे छान झाले आणि तरी रात्री आठ ते अकरा लाइन तुटत राहिली, तर कारण तुमच्या इमारतीतही नसेल. रिटर्नच्या वाटेवर प्रत्येक घरातला गोंगाट गोळा होत एका नोडवर येतो. चार गल्ल्या पलीकडे कुणाचा तरी सैल कनेक्टर असतो, तिथून गोंगाट आत शिरतो आणि त्या नोडवरचे सगळे मोडेम धडपडतात. तो शोधायला आम्हाला एकेक शाखा तपासत जावं लागतं, त्याला वेळ लागतो.

जाता जाता एक विचारायचं आहे. तुमच्याच जिन्यात तिसऱ्या किंवा दुसऱ्या मजल्यावर कुणाकडे हेच कनेक्शन आहे का? त्यांचं पान उघडून फक्त डाउनस्ट्रीमच्या आठ ओळी बघा. त्यांनाही वरच्या वाहिन्यांवर तसाच उतार दिसला तर गच्चीवरून उतरणारी सामाईक केबल गेली आहे, तक्रार दोघांनी मिळून करा. त्यांचा उतार सपाट असेल तर तुमच्या खिडकीतल्या कनेक्टरपासून टॅपपर्यंतची (सामाईक केबलमधून तुमची शाखा निघते त्या डबीपर्यंतची) ती पंधरा-वीस फुटांची केबल बदलून घ्या, आणि बदलताना झोळ सोडतात की नाही ते समोर उभं राहून बघा.